वीस टक्के नाविक, पण जहाजावर जागा किती?

प्रति,
माननीय नौवहन महासंचालक,
नौवहन महासंचालनालय, कांजूरमार्ग (पूर्व), मुंबई

विषय : भारतीय नाविकांची संख्या आणि त्या संख्येत न दिसणारी मुलं

महोदय,

राष्ट्रीय सागरी दिनाच्या भाषणांत अलीकडे दोन आकडे हमखास ऐकू येतात. पहिला असा की २०१४ साली भारताचे १,१७,०९० नाविक कामावर होते, ते २०२३ मध्ये २,८०,००० झाले. दुसरा असा की जगाच्या नाविकांत आपला वाटा साधारण १२ टक्के आहे आणि तो २०३० पर्यंत २० टक्क्यांवर न्यायचा आहे. पहिल्या आकड्यासाठी आपल्या कार्यालयाला श्रेय द्यायला हवं. एका सीडीसीसाठी, म्हणजे नाविकाच्या नोंदवहीवजा ओळखपत्रासाठी, शिपिंग मास्टरच्या कचेरीत चकरा मारण्याचे दिवस आमच्या पिढीनं पाहिले आहेत. आजचा मुलगा घरी बसून अर्ज भरतो. हे पत्र दुसऱ्या आकड्याबद्दल आहे.

मी निवृत्त मास्टर, म्हणजे जहाजाचा कॅप्टन. बरीच वर्षं टँकरवर काढली, मग काही वर्षं एका प्रशिक्षण संस्थेत शिकवलं, आता दापोली तालुक्यात राहतो. आमच्या भागात वाडीगणिक एखादा तरी माणूस बोटीवर असतोच. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की आईबाप ओटीवर येऊन बसतात आणि विचारतात, "कॅप्टन, पोराला बोटीवर घालू का?" याचं प्रामाणिक उत्तर द्यायला जी माहिती लागते, ती आपल्या कार्यालयाच्या संगणकात आहे. माझ्याकडे नाही, त्या आईबापांकडे नाही, आणि फी घेणाऱ्या संस्थेकडे असली तरी ती सांगणार नाही. म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

२० टक्के म्हणजे नेमके किती? बिमको आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग या जहाजमालकांच्या दोन संघटना मिळून दर काही वर्षांनी जगातल्या नाविकांची मोजदाद करतात. त्यांच्या २०२१ च्या अहवालात सुमारे १८ लाख ९० हजार नाविक धरले आहेत. त्यांपैकी ८,५७,५४० अधिकारी, बाकीचे रेटिंग, म्हणजे अधिकारी नसलेले खलाशी. याचे २० टक्के काढले तर पावणेचार लाखांच्या थोडं वर जातं. म्हणजे २०२३ च्या आपल्या संख्येत आणखी लाखभर माणसं घालायची. शिवाय दर वर्षी जे निवृत्त होतात, किनाऱ्यावर नोकरी धरतात किंवा लग्नानंतर "आता पुरे" म्हणतात, त्यांची जागा भरायची ती वेगळीच.

लाखभर मुलं मिळणं कठीण नाही. या देशात कुठल्याही परीक्षेला लाखभर मुलं मिळतात. वर्गही बांधता येतात. आपल्या मान्यतेच्या प्रशिक्षण संस्था आजच दीडशेच्या आसपास आहेत, उद्या दोनशे होतील. अडतं ते सी टाइमवर, म्हणजे समुद्रावर काढाव्या लागणाऱ्या काळावर. डीएनएस हा नॉटिकल सायन्सचा वर्षाचा डिप्लोमा केलेल्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, अठरा महिने समुद्रावर काढावे लागतात, तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स केलेल्याला बारा, मरीन इंजिनिअरिंगच्या पदवीधराला किमान सहा. त्याशिवाय अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसता येत नाही आणि परीक्षा झाल्याशिवाय सीओसी, म्हणजे अधिकारीपदाचं प्रमाणपत्र, नाही. हा नियम योग्यच आहे, तो कुणी शिथिल करू नये. पण त्याचा परिणाम असा की डीएनएसचं वर्ष संपवून, काही लाख रुपये फी भरून घरी बसलेला मुलगा व्यवसायाच्या दृष्टीनं अजून बारावी पासच असतो.

आणि ही समुद्रावरची जागा काही हवी तितकी वाढवता येत नाही. आजच्या मोठ्या मालवाहू जहाजावर बावीस ते पंचवीस माणसं असतात. त्यात कॅडेटांच्या केबिन दोन, फार तर चार. कंपनीनं मनात आणलं तरी पाचवा मुलगा चढवताना लाइफबोट किती माणसांची आहे ते पाहावं लागतं. लाइफबोटीत जागा नाही तर माणूस जहाजावर नाही, हा हिशेब कुठल्याही व्हिजन डॉक्युमेंटला चुकवता येणार नाही.

मग या केबिन कुणाच्या? आपल्या म्हणाव्या तर आपली जहाजंच कमी. भारतीय ध्वजाखाली दीड हजारांच्या आसपास नौका नोंदलेल्या आहेत, पण त्यांतल्या दोन तृतीयांशांच्या आसपास किनाऱ्यालगत चालणाऱ्या आहेत. टग, तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या नौका, लहान बार्ज. तिथं दूर समुद्राचा अनुभव मिळत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भारताच्या परदेशी व्यापारातला जवळपास ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. आज तो वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. शिपिंग कॉर्पोरेशनच्या ताफ्यात साठाच्या आसपास जहाजं उरली आहेत. २००४ साली टनेज टॅक्स (नफ्याऐवजी जहाजांच्या टनेजवर आकारला जाणारा कर) आणताना त्याचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांवर ट्रेनी घेण्याची सक्ती केली, हे चांगलंच झालं. पण ताफाच आक्रसत गेला तर ती सक्ती किती मुलांना पुरणार?

म्हणजे राहिले परदेशी मालक आणि त्यांच्या अंधेरी, पवई, बेलापूरमधल्या मॅनिंग, म्हणजे नाविक भरतीच्या, कचेऱ्या. हे लोक कॅडेट घेतात ते भारतावर उपकार म्हणून घेत नाहीत, सात-आठ वर्षांनी त्यांना कॅप्टनच्या खालोखालचा चीफ ऑफिसर लागणार असतो म्हणून घेतात. त्यांनी पोसलेली कॅडेट पोरं मी टँकरवर पाहिली आहेत. त्यांचं प्रशिक्षण कुणाही सरकारी योजनेपेक्षा काटेकोर असतं. पण जहाजांची भाडी पडली की या कचेऱ्यांत पहिली कात्री कॅडेटांवर चालते, कारण त्यांना घेतलं नाही तर आज काहीच अडत नाही. २००८ च्या मंदीनंतर हे झालं. आधीच्या तेजीत जागोजागी संस्था उघडल्या, जागा वाढल्या, आणि पोरं बाहेर पडली तेव्हा जहाजं नांगरावर होती. त्या काळात मी शिकवलेल्यांपैकी काही जण आज चांगले मास्टर आहेत. काही जण दोन-तीन वर्षं वाट पाहून विम्याच्या कचेरीत, मोबाइलच्या दुकानात लागले. सरकारच्या कुठल्याही आकड्यात ही दुसरी मुलं मला कधी दिसली नाहीत.

इथंच माझी मुख्य मागणी आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेच्या नावासमोर तीन आकडे आपण दर वर्षी जाहीर करावेत. त्या वर्षी किती मुलं पास झाली, त्यांतली किती बारा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष जहाजावर चढली, आणि चार वर्षांपूर्वीच्या तुकडीतल्या किती जणांना पहिली सीओसी मिळाली. यासाठी समिती नको, सर्वेक्षण नको. प्रत्येक मुलाला इंडोस क्रमांक, म्हणजे नाविकाचा नोंदणी क्रमांक, आपणच देता. परवानाधारक कंपनीनं माणूस जहाजावर पाठवला की त्याची नोंद आपल्याच प्रणालीत होते. दोन याद्या जोडायच्या आहेत, इतकंच. संस्थांच्या जाहिरातींत "शंभर टक्के प्लेसमेंट" असं ठळक लिहिलेलं असतं. त्यात शिपयार्डमधली सहा महिन्यांची हेल्परकी किती आणि समुद्रावरची नोकरी किती, हे वेगळं करून दाखवू शकेल असं दुसरं कुणीही देशात नाही.

त्याच ओघात एक शंका. "कामावर असलेला नाविक" कुणाला म्हणायचं? जहाजावरच्या एका जागेसाठी साधारण दीड ते दोन माणसं लागतात, कारण एक चढलेला असतो तेव्हा दुसरा रजेवर असतो. हे धंद्याचं गणितच आहे. पण सहा महिने रजेवर असलेला एबी, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी, आणि दीड वर्ष जहाज न मिळालेला एबी घरात सारखेच दिसतात. दोघांकडेही सीडीसी असतं आणि ते दहा वर्षं चालतं. मोजणी करताना या दोघांत फरक केला जातो का? केला जात असेल तर तो आकडा हुद्द्यानुसार छापावा. डेकवरच्या अधिकाऱ्यांत थर्ड मेट किती, सेकंड मेट किती, चीफ किती, मास्टर किती, इंजिनखान्यात कोण किती, आणि रेटिंगमध्ये ओएस (नवखा खलाशी), एबी, फिटर, मोटरमन, कुक किती. एकगठ्ठा २,८०,००० या संख्येवरून कुणाच्याही मुलाचं भविष्य ठरवता येत नाही.

आता उद्याच्या गरजेबद्दल. अधिकाऱ्यांचा तुटवडा येणार, हे वाक्य मी कॅडेट होतो तेव्हापासून ऐकतो आहे. बिमकोच्या २०१५ च्या अहवालानं १६,५०० अधिकारी कमी आहेत असं सांगितलं आणि २०२५ पर्यंत ही तूट १,४७,५०० वर जाईल असा अंदाज दिला. सहा वर्षांनी, २०२१ च्या अहवालात, तूट निघाली २६,२४०, आणि २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील असा नवा अंदाज आला. मी या अहवालांची टिंगल करत नाही, इतकं कसून काम दुसरं कुणी करत नाही. पण ते जहाजमालकांच्या संघटनांनी केलेलं असतं, आणि बाजारात माणसं मुबलक असावीत यात मालकाचं हित असतं हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे मात्र त्यांतला सगळ्यात मोठा आकडा उचलून फ्लेक्सवर छापला जातो.

शिवाय तूट कुणाची, हे फ्लेक्सवर नसतं. त्याच २०१५ च्या अहवालात रेटिंगची तूट नव्हतीच, उलट १,१९,००० रेटिंग जास्त होते. आणि अधिकाऱ्यांतली चणचण होती ती मुख्यतः वरच्या हुद्द्यांवर, अनुभवी इंजिनिअरांची, आणि केमिकल, एलपीजी, एलएनजी जहाजांवर काम केलेल्यांची. अशी माणसं प्रवेशाच्या जागा वाढवून मिळत नाहीत. कॅडेट, मग थर्ड मेट, मग पुन्हा परीक्षा, चीफ मेट, पुन्हा परीक्षा, मग एखाद्या कंपनीनं विश्वास टाकला तर कमांड. आज दाखल झालेला मुलगा कॅप्टन व्हायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. २०३० चं लक्ष्य गाठायला लागणारे मास्टर आणि चीफ इंजिनिअर आताच सेकंड मेट आणि थर्ड इंजिनिअर म्हणून कुठंतरी वॉचची पाळी करत असायला हवेत. ते किती आहेत? त्यांतले किती टिकतील? एमएमडीतल्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या आपल्या कचेरीतल्या, तोंडी परीक्षेच्या तारखेसाठी त्यांना किती थांबावं लागतं? परीक्षेला थांबलेल्या माणसाला त्या काळात पगार नसतो, हे वेगळं सांगायला नको.

टिकण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलतो. कोविडच्या २०२० सालात जगभर सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजावर अडकून पडले होते. २६ मार्च २०२४ ला 'डाली' जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं. त्यावरच्या २१ नाविकांपैकी २० भारतीय. पूल पडण्याआधी जहाजावरून धोक्याचा इशारा गेला, म्हणून पुलावरची वाहतूक थांबवता आली. पुढे त्याच मुलांना आठवड्यांमागून आठवडे जहाजावरच बसून राहावं लागलं. त्याआधी 'हिरोइक इदुन' टँकरवरचे १६ भारतीय इक्वेटोरियल गिनी आणि नायजेरियात महिनोन्‌महिने अडकले होते. आमच्या गावातली बाई हे टीव्हीवर पाहते आणि नवऱ्याला विचारते, पुढचं काँट्रॅक्ट करायलाच हवं का? याला उत्तर केवळ पगाराचं नसतं. वायफाय आणि घरी बोलण्याची सोय हा आता आंतरराष्ट्रीय नियमाचा भाग झाला आहे, डिसेंबर २०२४ पासून. विश्रांतीचे तास मात्र अजूनही वहीत एक आणि डेकवर एक असे असतात, आणि ते इन्स्पेक्टरलाही ठाऊक असतं.

एक उपकथानक आयकराचं. परदेशी मार्गावरचा अधिकारी वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस देशाबाहेर असतो, एनआरआय ठरतो, आणि त्या पगारावर त्याला इथं कर लागत नाही. त्याच्याच वर्गातला मित्र आपल्या किनाऱ्यावर भारतीय जहाज चालवतो आणि पूर्ण कर भरतो. मग किनाऱ्यावरच्या जहाजांना अनुभवी माणसं मिळत नाहीत याचं नवल कसलं? हे अर्थ मंत्रालयाचं खातं आहे हे मला ठाऊक आहे. पण मनुष्यबळाचा आराखडा करणाऱ्यानं ते त्यांना लिहून कळवायला हरकत नसावी.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र सुरू केलं ते. रेटिंग.

कोकणानं खलाशी पुरवले ते आजकाल नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे, सलूनमध्ये, म्हणजे खानपानाच्या कामाला, गोव्याचे, अशी वाटणी शंभर वर्षांपूर्वीही होती. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. समुद्राशिवाय ज्यांना कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक जणांसाठी ते आहे. तेव्हा आपला माणूस सारंग व्हायचा, तांडेल व्हायचा, फार पुढे जायचा नाही. ५ एप्रिल १९१९ ला वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी या मंडळींच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. आपण सागरी दिन पाळतो तो तिचा. आणि १९२७ मध्ये 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर हिंदी मुलांना अधिकारी म्हणून घडवायला सुरुवात झाली. त्या वाटेनंच माझ्यासारखे जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे कॅप्टनच्या जागी, पोचले. मागे राहिला तो डेकवरचा मुलगा.

आज जीपी रेटिंगचा, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडच्या खलाशी कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स करायला फक्त किनाऱ्यावरची मुलं येत नाहीत. सातारा, सांगली, बीड, बुलढाण्याची येतात, ज्यांनी समुद्र पहिल्यांदा सहलीत पाहिला असेल. जमीन विकून, सोनं गहाण टाकून फी भरलेली असते. कोर्स होतो, परीक्षा होते, सीडीसी हातात येतं. मग वर्षभर फोन येत नाही. आणि मग एक फोन येतो. व्हॉट्सॲपवर एजंट. सीबीडी बेलापूरला नाहीतर अंधेरीला एक खोली, भिंतीवर जहाजांची चित्रं. तीन लाख, चार लाख, पाच लाख. "जॉइनिंग दुबईला."

कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे. २०१६ च्या भरती नियमांप्रमाणे परवानाधारक कंपनी नाविकाकडून नोकरीसाठी एक रुपयाही घेऊ शकत नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा नाविकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही तेच सांगतो, आणि भारतानं तो २०१५ मध्येच स्वीकारला आहे. आपलं कार्यालय परवानाधारकांची यादी प्रसिद्ध करतं, बनावट एजंटांबद्दल इशारे काढतं. ते इशारे मी स्वतः छापून आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले आहेत. तरी मुलं जातात. मूर्ख असतात म्हणून नव्हे. सरळ दारानं आत जायला जागा नाही, आणि घेतलेलं कर्ज थांबत नाही.

मग हीच मुलं कुठं सापडतात ते पाहा. मालकानं पगार, अन्न, परतीचं तिकीट काहीही न देता जहाज वाऱ्यावर सोडलं तर त्या नाविकांची नोंद परित्यक्त म्हणून होते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये ३१२ जहाजांवरचे ३,१३३ नाविक असे सोडले गेले. त्यात सर्वांत जास्त भारतीय, ८९९. जगाच्या नाविकांत आपण १२ टक्के, आणि वाऱ्यावर सोडलेल्यांत जवळपास २९ टक्के. महोदय, आपल्या भाषणांत तिसरा आकडा घालायचा झाला तर हा घाला.

ही जहाजं बहुधा जुनी, लहान, आखाताच्या आसपास फिरणारी, ज्यांचा मालक कागदावर एका देशात आणि ध्वज दुसऱ्या देशाचा. २०१७ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे अशा वेळी चार महिन्यांचा पगार आणि घरी येण्याचा खर्च देण्यासाठी जहाजाचा विमा असायलाच हवा. पण ज्या जहाजावर मुलगा परवाना नसलेल्या एजंटामार्फत गेला, तिथं तो विमा असतो का, आणि असला तरी त्याला तो कुठं मागायचा हे ठाऊक असतं का? त्यात परवानाधारकाशिवाय गेला म्हणून तोच गुन्हेगार ठरेल की काय, या भीतीनं घरचे तक्रारच करत नाहीत. तक्रार करणाऱ्या नाविकाच्या सीडीसीला हात लागणार नाही, एवढं एक परिपत्रक काढलं तरी माझ्या अंदाजानं निम्मे एजंट उघडे पडतील.

म्हणून रेटिंगच्या जागा वाढवताना हात आखडता घ्या, असं मी म्हणतो. संस्थाचालकांना हे रुचणार नाही. ज्या संस्थेची गेल्या वर्षीची निम्मी मुलं अजून किनाऱ्यावर बसलेली आहेत, तिला यंदा तेवढ्याच जागा का? मान्यता आणि दर्जाची श्रेणी देताना इमारत, वाचनालय, स्विमिंग टँक तपासलं जातं, ते जरूर तपासा, पण पुढच्या वर्षीच्या जागा मागच्या वर्षी जहाजावर चढलेल्या मुलांच्या प्रमाणात ठरवा. आणि जे रेटिंग आधीच समुद्रावर आहेत त्यांना वर यायची वाट मोकळी करा. छत्तीस महिने डेकवर काढलेल्या हुशार एबीला अधिकाऱ्याची परीक्षा देता येते हे कागदावर आहे. कोर्सची फी, इंग्रजी, आणि त्या काळात बंद पडणारा पगार या तीन गोष्टींत तो अडतो. नाविक कल्याण निधीतून दर वर्षी काही शे अशा माणसांना शिष्यवृत्ती दिली तर त्यांच्यासाठी कॅडेटची केबिन शोधावी लागणार नाही, कारण सी टाइम त्यांनी आधीच केलेला असतो. २० टक्क्यांकडे जाणारा इतका स्वस्त रस्ता माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

संख्येच्या मागे लागल्यावर काय होतं ते पाहायचं असेल तर फिलिपिन्सकडे पाहावं. नाविक पुरवण्यात तो देश वर्षानुवर्षं आघाडीवर आहे. २००६ पासून युरोपीय निरीक्षक तिथल्या प्रशिक्षणातल्या त्रुटी दाखवत राहिले, आणि २०२३ च्या मार्चपर्यंत तिथल्या प्रमाणपत्रांना युरोपची मान्यता राहते की जाते यावर टांगती तलवार होती. हजारो अधिकाऱ्यांची नोकरी ब्रुसेल्समधल्या एका निर्णयावर लटकली होती. ती मान्यता राहिली, पण सतरा वर्षांची ती धाकधूक आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये.

इंधनाचा प्रश्न मात्र खरोखर नवा आहे. मिथेनॉल आणि एलएनजीवर चालणारी जहाजं धावत आहेत, अमोनिया येऊ घातला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य २०२३ मध्ये ठरवलं. २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आठ लाखांपर्यंत नाविकांना नवं प्रशिक्षण लागू शकतं, असा डीएनव्ही या जहाजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा २०२२ चा अभ्यास आहे. अमोनिया गळला तर माणूस गुदमरतो. त्याच्याशी वागायला पीपीटी पाहून शिकता येत नाही. आणि शिकवणार कोण? आमच्या संस्थांत शिकवणारे बहुतेक माझ्यासारखे, जड तेलाच्या काळातले. कामावर असलेल्या गॅस इंजिनिअरला रजेच्या तीन महिन्यांत शिकवायला बोलवायचं तर त्याच्या पगाराच्या पासंगालाही पुरेल असं मानधन आज मिळत नाही. इथं पैसा खर्च करावा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यातला थोडासा वाटा शिक्षकांवर खर्च झाला तर गोदी बांधण्याइतकंच महत्त्वाचं काम होईल.

मुलींबद्दल थोडक्यात, कारण इथं निदान दिशा बरोबर आहे. २०२१ च्या अहवालात जगभरच्या नाविकांत स्त्रिया १.२८ टक्के होत्या. आपल्याकडे वयाची सवलत दिली, फीमध्ये मदत दिली. कॅप्टन राधिका मेनन यांनी वादळात सात मच्छीमारांना वाचवलं, त्याबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. तरी कॅडेट घेताना "एकटी मुलगी नको, दोघी असतील तर बघू, पण दोघींना जागा नाही" हे वाक्य मी कंपन्यांच्या तोंडून ऐकलं आहे. वर मागितलेले तीन आकडे मुलींसाठी वेगळे छापले तर कुठली कंपनी काय करते ते आपोआप दिसेल.

इकडे वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर होतं आहे आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येक सभेत "सागरी क्षेत्रात लाखो नोकऱ्या" असं ऐकू येतं. बंदरातली नोकरी आणि बोटीवरची नोकरी यांतला फरक सभेत कुणी सांगत नाही. घरी मात्र सगळं एकच होऊन जातं, आणि बारावीच्या मुलाच्या नावानं कर्जाचा अर्ज भरला जातो.

आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, सीईटी उन्हाळ्यात होते आणि तिच्या पाठोपाठ प्रवेश सुरू होतात. रेटिंगच्या तुकड्या जानेवारी आणि जुलैत भरतात. संस्थानिहाय तक्ता मार्चअखेर आपल्या संकेतस्थळावर आला, मराठीसह प्रादेशिक भाषांत आला, तर पुढच्या हंगामाच्या आधी तो लोकांच्या हातात असेल. पहिल्या वर्षी फक्त एक रकाना भरला तरी चालेल : पास झालेल्यांपैकी किती जण बारा महिन्यांत जहाजावर चढले.

आपला,
एक निवृत्त मास्टर
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी

प्रत माहितीसाठी : केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली, महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई, नाविकांच्या संघटना.